नियम क्रमांक सतरा

मी विद्यापीठात एम. ए.च्या मुलांना इकॉनॉमेट्रिक्स शिकवतो. मराठीत या विषयाला अर्थमिती म्हणतात. हा शब्द आमच्या वेळापत्रक टाइप करणाऱ्याच्या कानावर कधी पडला नसावा, कारण एका वर्षी नोटीस बोर्डावर ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ८, अर्थमती’ असं लागलं. पहिल्याच आठवड्यात दोन मुली केबिनच्या दारात येऊन म्हणाल्या, ‘‘सर, अर्थमती मॅडम कुठं बसतात?’’ मी म्हटलं, ‘‘मीच.’’ त्या एकमेकींकडे पाहत निघून गेल्या आणि त्यांनी ऐच्छिक विषय बदलून ग्रामीण विकास घेतला.

पहिल्या तासाला मी एक पत्रक वाटतो. वर ठळक अक्षरात ‘नियम व अपेक्षा’. नोकरीला लागलो त्या वर्षी त्यात चार ओळी होत्या : वेळेवर या, कॅल्क्युलेटर आणा, गृहपाठ स्वतः करा, शंका विचारा. आज नियम १७ झाले आहेत. कागद पाठपोट भरतो आणि अक्षर इतकं बारीक करावं लागतं, की मुलं ते औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीसारखं वाचतात, म्हणजे घडी घालून ठेवून देतात.

हे नियम मी हौसेनं वाढवलेले नाहीत. जुन्या गावांच्या वेशीवर वीरगळ असतात. अमुक वीर अमुक लढाईत पडला, त्याचा दगड. माझं पत्रक तसं आहे. पहिले चार सोडले तर प्रत्येक ओळीखाली कुणीतरी एक पडलेला आहे. बहुतेक वेळा मीच.

उदाहरणार्थ नियम ५ : ‘परीक्षेला दुकानातला कॅल्क्युलेटर आणू नये.’ हा ज्याच्यामुळे आला त्या मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. पेपरच्या दिवशी त्यानं गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर उचलून आणला. आकडे अंगठ्याएवढे, आणि उजव्या बाजूला जीएसटीची बटणं. आमच्या विषयात गुणक काढला की त्याला त्याच्या प्रमाण त्रुटीनं भागायचं असतं. उत्तर साधारण दोनच्या वर गेलं तर गुणक ‘सिग्निफिकंट’, खाली राहिलं तर त्याला वाटेला लावायचं. गुणक होता ०.६३, त्रुटी ०.३०. भागाकार २.१०, म्हणजे गुणक थोडक्यात वाचला. या मुलाच्या पेपरात मात्र त्रुटी ०.३५४ आणि भागाकार १.७८. पेपर तपासताना मी अर्धा तास डोकं धरून बसलो. पद्धत बरोबर, सूत्र बरोबर, मांडणी सुरेख. शेवटी लक्षात आलं, की त्याच्या हातून त्रुटीवर १८ टक्के जीएसटी लागला होता. एक धडधाकट गुणक कराच्या बोजाखाली बिनमहत्त्वाचा ठरला. त्याला बोलावून सांगितलं तर म्हणाला, ‘‘सर, सवयीनं दाबलं.’’ नियम ६ हा त्याच्याच पुढच्या वर्षीचा : ‘मोबाइल हा कॅल्क्युलेटर नव्हे.’ त्यामागची कथा नेहमीचीच आहे, सांगत नाही.

नियम ७ म्हणतो, गृहपाठावर नाव लिहावं. एका वर्षी अकरा गृहपाठ बिननावाचे आले. मी वर्गात म्हणालो, की आपलं नाव न घालता नुसतं ‘स्टुडंट’ म्हणवून घेऊन अजरामर झालेला माणूस या शास्त्रात एकच आहे आणि ती जागा भरलेली आहे. हा माणूस म्हणजे विल्यम गॉसेट. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर होता. थोडक्या नमुन्यांवरून अंदाज कसा बांधायचा हा त्याचा रोजचा प्रश्न, कारण बार्लीचे प्रयोग काही हजारांनी करता येत नाहीत. त्यानं उत्तर काढलं, पण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावानं काही छापू नये असा कंपनीचा दंडक. म्हणून १९०८ साली त्याचा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावानं आला. आपण ज्याला टी-टेस्ट म्हणतो ती ही. मुलांनी हे सगळं फार मन लावून ऐकलं. मागून एकानं विचारलं, ‘‘सर, म्हणजे बिअरच्या कारखान्यात इकॉनॉमेट्रिक्सवाल्यांना घेतात?’’

पुढच्या वर्षी सगळ्यांनी नावं घातली. त्यातल्या चौघांनी एकाच मुलीचं घातलं, कारण मूळ प्रत तिची होती. त्यावरून नियम ८ : ‘नाव स्वतःचं असावं.’

आता नियम ९, कॉपीचा. बाहेरच्या लोकांना वाटतं, उत्तरं सारखी आली की कॉपी पकडता येते. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात हो, त्यात काय पकडणार? कॉपी कळते ती चुकीवरून. एकानं ७ चा १ वाचला तर समजू शकतो. एका ओळीतल्या तीन बाकांवर ७ चा १ झाला, की तिथं दृष्टिदोष नसतो, शेजारधर्म असतो. हे तर आमच्या विषयाचं पहिलं गृहीतक आहे : चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. तशा नसल्या तर त्या ओळखायला डर्बिन आणि वॉटसन या दोघांनी १९५० आणि १९५१ साली एक कसोटी दिली. तिचं उत्तर शून्य ते चारमध्ये येतं आणि दोनच्या आसपास आलं तर सारं आलबेल. एकदा मी गंमत म्हणून बाकांच्या क्रमानं मुलांच्या चुका मांडून ही कसोटी लावली. आकडा सांगत नाही, परीक्षा विभागातही मराठी वाचणारे लोक आहेत.

तरी मी फार कडक राहत नाही. एखादा मजकूर नक्की कुणी लिहिला हा प्रश्न आमच्या घराण्यातच आहे. १९२८ साली फिलिप राइट नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं प्राणिज आणि वनस्पतिजन्य तेलांवरच्या आयातशुल्कावर पुस्तक लिहिलं. पुस्तक कुणाच्या लक्षात नाही, पण त्याचं ‘ब’ परिशिष्ट अमर आहे. तिथं पहिल्यांदा एक युक्ती आली, जिला आज ‘इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल’ म्हणतात. तिच्याकडे मी पुढं येणार आहे. राइट यांचा मुलगा मोठा जनुकशास्त्रज्ञ. तेव्हा परिशिष्ट बापानं लिहिलं की मुलानं, हा वाद कितीतरी दशकं चालला. शेवटी २००३ साली स्टॉक आणि ट्रेबी या दोघांनी दोघांच्या लिखाणातल्या शब्दांच्या लकबी मोजून बापाच्या बाजूनं कौल दिला. गृहपाठ बापाचा निघाला हे वाचून मला बरं वाटलं होतं. आमच्याकडं उलट शक्यता कुणी तपासतसुद्धा नाही.

हजेरीचं सांगायला हवं. ७५ टक्के हजेरी हा विद्यापीठाचा नियम. माझा त्यात काही हात नाही. माझा हात आहे तो नियम १० मध्ये. जुन्या हजेरीपटांवरून मी पाहिलं, की जी मुलं तासाला जास्त येतात त्यांना गुणही जास्त पडतात. मला वाटलं, सापडलं! मी अंतर्गत गुणांपैकी ५ गुण हजेरीला लावले. दुसऱ्या सत्रापासून वर्ग भरला. इतका, की जिन्यातला शिपाई ‘साहेब, आज कुणी पुढारी आलाय का’ म्हणून डोकावून गेला. सगळे आले, काही कानात दोरी घालून, काही दुसऱ्या विषयाची जर्नल लिहायला, एक तर रोज डबा खायला. गुण होते तिथंच राहिले. हजेरी आणि गुण यांचं ते सुंदर नातं सहा महिन्यांत नाहीसं झालं.

यातली लाज अशी, की त्याच आठवड्यात मी रॉबर्ट ल्यूकस शिकवत होतो. १९७६ साली त्यानं सरकारांना हेच सांगितलं होतं : जुन्या आकड्यांत जे नातं दिसतं त्याच्या भरवशावर धोरण बदलाल, तर लोक त्या धोरणाकडं पाहून वागणं बदलतील आणि तुमचं नातं तुमच्याच हातात मोडेल. पुढं १९९५ साली त्याला नोबेल मिळालं. मी फळ्यावर हे लिहीत होतो आणि समोर डबा उघडत होता. नियम ११ त्याच वर्षीचा : ‘हजेरीला एका व्यक्तीनं एकाच आवाजात एकदाच उत्तर द्यावं.’

पत्रकात सगळ्यांत लक्षपूर्वक वाचला जाणारा भाग म्हणजे नियम १२ ते १४.

१२. मुदतीनंतर गृहपाठ स्वीकारला जाणार नाही.
१३. नियम १२ खरा आहे.
१४. नियम १३ सुद्धा.

आणि तरीही दर वर्षी मुदत वाढते. हे माझ्या स्वभावामुळं होतं असं घरच्यांना वाटतं, पण यालाही शास्त्रीय आधार आहे. किडलंड आणि प्रेस्कॉट यांनी १९७७ साली दाखवलं, की आज जो नियम घालणं शहाणपणाचं असतं, तोच वेळ आल्यावर पाळणं शहाणपणाचं राहत नाही. आणि समोरच्याला हे आधीच ठाऊक असतं. मुदतीच्या दिवशी साठातले तीस गृहपाठ आलेले असतात. उरलेल्यांना शून्य दिलं तर अंतर्गत गुणांचा तक्ता अर्धा ओसाड, मग विभागप्रमुख विचारणार, मग पालक, मग विद्यार्थी संघटना निवेदन घेऊन. त्यापेक्षा सोमवारपर्यंत वाढवलेलं काय वाईट? या दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. माझ्या मुलांनी ते वाचलेलं नसतं, त्यांना गरजच नसते. मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या व्हॉट्सअॅप गटात कुणीतरी घाबरून विचारतं, ‘उद्या लास्ट डेट आहे का?’ आणि कुणीतरी शांतपणे उत्तर देतं, ‘सरांची पहिली लास्ट डेट आहे.’

पुस्तकाचा विषय निघाला की दामोदर गुजराती आलेच. मुंबई विद्यापीठातून १९६० साली एम. कॉम. होऊन हे गृहस्थ शिकागोला गेले आणि १९७८ साली त्यांचं ‘बेसिक इकॉनॉमेट्रिक्स’ निघालं. तेव्हापासून भारतातल्या मुलांनी हा विषय शिकायचा म्हणजे गुजराती वाचायचं. पुस्तकाला पुस्तकाच्या नावानं कुणी ओळखत नाही. ‘गुजराती आणलंस का’, ‘गुजराती झेरॉक्स करून घे’, ‘माझं अर्धं गुजराती हरवलं.’ निफाड तालुक्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. वडील कांद्याचे शेतकरी. एकदा त्यांचा फोन आला. ‘‘सर, पोरगं म्हणतंय रात्रभर गुजराती वाचतोय. तुमच्या विषयाला गुजराती कशाला लागतं?’’ मी समजावून सांगायच्या आधीच ते स्वतःशी म्हणाले, ‘‘लागत असंल बाबा. मार्केटात बोलायला तरी बरं पडंल.’’ गुजराती सरांनी पुढं वेस्ट पॉइंटच्या अमेरिकी लष्करी अकादमीतही शिकवलं. तिथं उशिरा गृहपाठ देणाऱ्याचं काय करत असतील, हा विचार मी झोप येत नसली की करतो.

मात्र आमच्या मुलांचा खरा ग्रंथ गुजराती नव्हे. खरा ग्रंथ गेटाबाहेरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडं असतो, स्पायरल केलेला, चाळीस पानी. काका दहावी नापास आहेत, पण दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. ‘‘हेटेरो मागल्या साली आलंय, यंदा नाही येत. मल्टिको करून ठेव,’’ असं ते सांगतात आणि तसंच येतं. त्यांच्या भाकितापुढं माझी अंदाज बांधण्याची सारी शास्त्रं पांगळी. एकदा मी मुद्दाम हेटेरो पुन्हा घातलं. काकांनी आठवडाभर माझ्याकडून झेरॉक्सचे पैसे रोख घेतले.

हे हेटेरो म्हणजे हेटेरोस्केडॅस्टिसिटी. विषय सोडून पळणाऱ्यांपैकी निम्मे या शब्दाला पाहून पळतात. इंग्रजीत त्याच्या मधोमध ‘के’ लिहायचा की ‘सी’ यावर १९८५ साली ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात एका विद्वानानं चक्क टिपण लिहून ‘के’ची बाजू घेतली होती. देवनागरीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. मातृभाषेतून उच्च शिक्षणाच्या बाजूनं एवढा बिनतोड मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही, म्हणून मी इथं मांडून ठेवतो.

पत्रकाचा दुसरा भाग ‘अपेक्षा’. तो पूर्वी मी लिहीत असे, आता तो मूल्यांकनाच्या छापील नमुन्यातून येतो. ‘हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी विश्लेषण करू शकेल, चिकित्सा करू शकेल, निर्मिती करू शकेल.’ समोर चौकटी असतात आणि त्यात १, २, ३ भरायचे असतात. मी सगळीकडं २ भरतो. १ भरला तर खुलासा लागतो, ३ भरला तर पुरावा. आमच्या विषयात अपेक्षा या शब्दाला वेगळा अर्थ आहे. चुकांचं अपेक्षित मूल्य शून्य धरायचं, असं गृहीतक असतं. चुका होणारच, पण थोड्या वर, थोड्या खाली, गोळाबेरीज शून्य. माझ्या वर्गात हे गृहीतक टिकत नाही. चुका सगळ्या एकाच बाजूला पडतात.

नियम १६ कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एका गृहपाठाच्या शेवटी छापलेलं होतं, ‘तुम्हाला याबाबत आणखी काही मदत हवी आहे का?’ ते मलाच उद्देशून होतं की नाही ठाऊक नाही, पण साठ गृहपाठांपैकी तो चौपन्नावा होता आणि मला खरंच हवी होती.

एक क्रमांक मी वगळला, तो १५ : ‘माहिती प्रत्यक्ष गोळा केलेली असावी. रचू नये.’ तो मी दोन प्रकल्प शेजारी शेजारी ठेवून लिहिला. पहिल्या प्रकल्पात शंभर शेतकऱ्यांची पाहणी होती. खत वाढलं की उत्पन्न वाढतं, आर-स्क्वेअर ०.९९. एवढे सरळ रेषेत उभे राहणारे शंभर शेतकरी मी आषाढी वारीच्या रिंगणातही पाहिले नाहीत. पाहणी एका संध्याकाळी, हॉस्टेलच्या गच्चीवर झालेली होती हे नंतर कळलं. पण तोंडी परीक्षेला आलेल्या परराज्यातल्या बहिःस्थ परीक्षकांना तो प्रकल्प अतिशय आवडला. दुसरा प्रकल्प मात्र त्यांनी हातात धरून हलवला. ‘‘ही बनावट माहिती आहे,’’ म्हणाले. ‘‘साठ शेतकरी, त्यातल्या एकेचाळीस जणांची जन्मतारीख एकच. १ जून!’’

मुलगी रडवेली झाली. ती खरोखर दारोदार फिरली होती आणि आधार कार्ड पाहून तारीख लिही असं मीच तिला बजावलं होतं. मी परीक्षकांना सांगू लागलो, की आमच्याकडं पूर्वी मूल शाळेत घालताना तारीख कुणाला आठवत नसे. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराकडं पाहायचे, वय बसतं असं ठरवायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. एकेका गावात अर्धी पिढी एका दिवशी जन्मली. परीक्षक हसले. त्यांना पटलेलं नव्हतं. शेवटी मी खिशातून माझं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. माझीही १ जून.

गंमत म्हणजे त्याच सत्रात मी मुलांना अँग्रिस्ट आणि क्रूगर यांचा १९९१ चा गाजलेला लेख शिकवला होता. अमेरिकेत सक्तीचं शिक्षण ठरावीक वाढदिवसापर्यंत असतं, त्यामुळं वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं थोडं कमी शिकून शाळा सोडू शकतात. जन्माची तिमाही काही कुणी ठरवून घेत नाही. तेव्हा तिच्या आधारानं शिक्षणानं कमाई किती वाढते ते मोजता येतं. अँग्रिस्टना पुढं २०२१ चं नोबेल मिळालं. हा प्रयोग आमच्या जिल्ह्यात केला असता तर त्यांना एकच तिमाही सापडली असती.

आणि मग सतरावा नियम.

निफाडच्या त्या मुलानं कांद्याच्या भावावर प्रकल्प घेतला. लासलगाव त्याच्याच तालुक्यात. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांची रोजची आवक आणि रोजचा भाव. वहीत सुरेख तक्ते. मधूनमधून मात्र रिकाम्या जागा. रविवार, सण समजले. नोव्हेंबर २०१६ मधल्या काही रिकाम्या दिवसांपुढं ‘नोटाबंदी’ लिहिलेलं, तेही मी मान डोलावून मान्य केलं. पण दर महिन्याला एक तरी खाडा होताच आणि त्यांतल्या बहुतेकांपुढं कारणाच्या रकान्यात एकच शब्द : ‘अमावास्या’. मी लाल शाईनं समासात लिहिलं, ‘ही अर्थमिती आहे!’ आणि तीन गुण कापले.

विद्यार्थ्यांनी भेटायला यावं म्हणून मी दर गुरुवारी दुपारी तीन ते चार केबिनमध्ये बसतो. पत्रकात तसं छापलेलं आहे. लोक येतात ते सही घ्यायला, किंवा पेपर कसा येणार ते विचारायला. त्या गुरुवारी तो आला. वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘सर, तुम्ही लासलगावला कधी आलाय का?’’

मी म्हटलं, नाही.

‘‘तेव्हा अमावास्येला लिलाव नसायचे, सर. जुनी पद्धत. व्यापारी बोलीच लावत नसत.’’

मी काही बोललो नाही. घरी गेलो. माझी आई जुनी कालनिर्णय टाकत नाही, कारण त्यांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो. माळ्यावरून २०१६ आणि २०१७ ची काढली. दोन वर्षांत पंचवीस अमावास्या. एकेक तारीख वहीशी ताडून पाहिली. ज्यांना आधीच रविवार किंवा सणाचं कारण होतं त्या सोडून प्रत्येक अमावास्येला खाडा होता आणि अमावास्या लिहिलेल्या प्रत्येक खाड्याला अमावास्या होती. पाहता पाहता आईच्या हिशेबाकडंही लक्ष गेलं. दूध आलं नाही त्या दिवशी तिनं ‘खाडा’ लिहिलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात कारण : ‘म्हैस आटली’, ‘भय्या गावाला’, ‘आपण गावाला’. एम. ए. न करता.

पुढच्या गुरुवारी मीच त्याला बोलावून घेतलं. तेव्हा त्यानं खरी गोष्ट सांगितली. बाजार एक दिवस बंद राहिला, की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात. आवक एकदम फुगते आणि भाव पडतो. मी खुर्चीत सरळ बसलो. कारण आमच्या विषयातलं सगळ्यांत जुनं दुखणं हेच आहे. भाव आणि आवक एकाच वेळी एकमेकांना ढकलतात, त्यामुळं कुणी कुणाला ढकललं ते कळत नाही. त्यासाठी असं काहीतरी लागतं, जे आवक हलवतं पण गिऱ्हाइकाच्या मागणीशी ज्याचं देणंघेणं नाही. फिलिप राइटच्या ‘ब’ परिशिष्टातली युक्ती ती हीच. लोक त्यासाठी आयुष्यभर शोध घेतात. या पोरानं चंद्र आणून दिला होता. दिल्लीतल्या गिऱ्हाइकाला भजी खाताना अमावास्या थोडीच आठवते?

मी हे उत्साहानं सांगितलं. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘‘पण सर, चातुर्मासात आपल्याकडं बरेच लोक कांदा खात नाहीत. कांदेनवमीनंतर मागणीच बदलते. ते कंट्रोल करावं लागेल.’’

तीन गुण परत दिले. वर देण्यासारखं बरंच होतं, पण विद्यापीठाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

वर्गात मी मुलांना अतिजुळणी शिकवतो तेव्हा सांगतो, की निरीक्षणं जितकी तितके गुणक घातले तर आर-स्क्वेअर बरोबर १ येतो. सगळ्या जुन्या घटना अचूक बसतात आणि पुढची एकही सांगता येत नाही. तेरा माणसं, तेरा नियम. माझ्या पत्रकाचा आर-स्क्वेअर १ आहे. जीएसटीचं बटण पुन्हा कुणी दाबलेलं नाही. गच्चीवरचे शंभर शेतकरी त्यातून आरामात पार झाले असते. अडकले ते १ जूनवाले आणि अमावास्यावाला.

तर नियम १७ असा आहे : ‘माहितीत खाडा असल्यास कारण लिहावं. कारण पटलं नाही तर शिक्षकानं आधी कालनिर्णय पाहावं.’ सतरा नियमांत शिक्षकाला लागू असलेला हा एकच, त्यामुळं मुलांना तो तोंडपाठ असतो.

यंदाचं पत्रक काकांकडं झेरॉक्सला दिलं आहे. साठ प्रती. पहिल्या तासाला साधारण तेवीस जण येतात, सदतीस प्रती उरतात. पाठपोट असल्यामुळं त्या कच्च्या कामालाही उपयोगी पडत नाहीत. काका म्हणाले, ‘‘सर, पुढच्या वर्षी एका बाजूला मावंल एवढंच लिवा.’’